पाव फेरा

लोणावळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात दस्तगीर मुलाणी एकोणीस वर्षं फिटर होता. त्यातली निम्मी वर्षं एका व्हॉल्व्हला माणसांपासून वाचवण्यात गेली, असं तो वैतागून सांगायचा.

मूळचा तो तळेगावचा, रेल्वेत काम शिकलेला. कारखान्याचं यंत्र अमोनियावर चाले. पातळ अमोनिया एका व्हॉल्व्हच्या बारीक फटीतून मिठाच्या पाण्यातल्या नळ्यांत सुटे, तिथं उकळून त्याची वाफ होई, आणि उकळायला लागणारी ऊब तो भोवतालच्या पाण्यातून ओढून घेई. त्या गार पाण्यात बुडवलेल्या डब्यांत बर्फाच्या लाद्या धरत. वाफ परतीच्या नळीतून कॉम्प्रेसरकडे जाई, आणि तिथं दाबून मग गार केली की पुन्हा पातळ होई. व्हॉल्व्ह पाव फेरा इकडचा तिकडे झाला, की दिवसभराचा माल बिघडलाच.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात मालकांनी आपला साडू रखमाजी याला व्यवस्थापक म्हणून आणून बसवलं. वडिवळ्याचा भातशेतकरी. माणूस कष्टाळू, सरळ, पण हाताला चैन नाही. खंडाळ्याच्या हॉटेलांची मागणी वाढली, तसा तो दस्तगीर जेवायला गेला की व्हॉल्व्ह चांगला दोन फेरे उघडून ठेवू लागला. खाचरात पाणी जास्त सोडलं की खाचर लवकर भरतं, तसंच हेही, अशी त्याची समजूत.

दस्तगीर परत येई तेव्हा लाद्यांच्या पोटात नुसतं पाणी, आणि परतीच्या नळीवर थेट कॉम्प्रेसरपर्यंत पांढरं हिव चढलेलं. तो व्हॉल्व्ह आवळी आणि पुन्हा पहिल्यापासून समजावी, की नळ्या तुडुंब भरल्या तर अमोनियाला उकळायला जागाच राहत नाही, आणि न उकळलेला तसाच कॉम्प्रेसरात शिरला तर यंत्र फुटेल. रखमाजी मान डोलावी. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी दस्तगीरने व्हॉल्व्ह फिरवायची चक्रीच काढली आणि जेवायला जाताना पिशवीत घालून घरी नेली. बायको कमरजहाँने विचारलं, हिची भाजी करायची का?

चक्री नाही म्हटल्यावर रखमाजीने पाना लावला.

दुपारची वेळ होती. दस्तगीर जेवून फाटकाशी पोचतो तोच आतून ठणठण आवाज आला, मग एक दणका, आणि डोळे जाळणारा वास. कामगार बाहेर पळाले. त्याने पंचा भिजवून तोंडाला गुंडाळला, मोटर बंद केली आणि वाकून, चाचपडत एकेक व्हॉल्व्ह बंद केला. कॉम्प्रेसरच्या माथ्याचं पॅकिंग उडालं होतं. भिंतीशी रखमाजी डोळे दाबून बसला होता. दस्तगीरने त्याला सदऱ्याला धरून हौदापाशी ओढत आणलं.

"चोळू नका. डोळं उघडा म्हणतो ना! आता तरी ऐका माझं."

अर्धा तास तो डोळ्यांवर पाणी ओतत होता आणि तितका वेळ तोंडही चालू होतं.

संध्याकाळी मालक आले. फिटरच्या हातून चूक झाली, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. दस्तगीर उत्तर जुळवून उभा राहिला. पण डोळ्यांवर पट्टी बांधलेला रखमाजीच आधी बोलला.

"म्या उघडला व्हता. दस्तगीरभाऊंनी चारदा बजावलं व्हतं. मीच ऐकलं न्हाई."

दस्तगीरचं इतक्या मेहनतीनं जुळवलेलं भाषण पोटातच राहिलं, याचाही त्याला रागच आला.

डोळे बरे झाल्यावर रखमाजी व्हॉल्व्हपाशी स्टूल टाकून बसू लागला. नळीवरचं हिव कुठवर आलं ते हातानं चाचपायचं आणि दर तासाला विचारायचं, "भाऊ, आता किती ठिवू?" दस्तगीर कावायचा, पण सांगायचा. दोन वर्षांत रखमाजी न विचारता बरोबर ठेवू लागला.

एक्केचाळीस साली दस्तगीरने काम सोडलं. वर्षभराने तो सहज कारखान्यात डोकावला. व्हॉल्व्ह त्याला जरा जास्त उघडा वाटला, म्हणून त्याने हात पुढं केला. रखमाजीने तो हात धरून बाजूला केला आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.