कर्णिक सरांचे रविवार

गडबच्या सुरभी मोकलने एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला व्यापक सापेक्षतेचा ऐच्छिक पेपर घेतला, तेव्हा पेणच्या तिच्या कॉलेजात तो घेणारी ती एकटीच होती. विभागप्रमुखांनी स्पष्टच सांगितलं, "परीक्षेला बस, पण एकटीसाठी तास लावता येणार नाही." तिचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी एक फोन नंबर मात्र लिहून दिला. रोह्याचे कर्णिक सर. निवृत्त झालेले, आणि हा विषय शिकलेले.

फोनवर सर म्हणाले, "ये की रविवारी. पण आधीच सांगतो, काचबिंदूनं माझी नजर गेलीय. वहीतलं सगळं वाचून दाखवावं लागेल."

रविवारी ती एसटीने रोह्याला गेली आणि पहिलंच समीकरण वाचायला लागली. "गॅमा, वर म्यू, खाली अल्फा बीटा..."

"म्यू वर का गो?"

पुस्तकात होता म्हणून वहीत वर आला होता. तो अख्खा रविवार त्या एका म्यूवर गेला. जेवायची वेळ टळून गेली, तेव्हा सरांच्या पत्नी गिरजाबाई आतून म्हणाल्या, "अहो, पोरीला दोन घास तरी खाऊ द्या!" त्यानंतर रविवारचं तिचं पान तिथेच पडायला लागलं.

तरी पहिल्या चाचणीत तिला चाळीसपैकी नऊच मिळाले. पेपर बदलून टाकावा, असं तिच्या मनात आलं. तिचे वडील पोपट मोकल शेतावरून नुकतेच आले होते. त्यांनी विचारलं, "ह्या पेपराला पोरं किती हायत?"

"मी एकटीच, बाबा."

"मग पयला नंबर कोन नेनार हाय तुझा?"

रडता रडता तिला हसू आलं. पेपर तिने ठेवला.

फेब्रुवारीत बियांकी समीकरणांचा धडा आला. घरी दोन दिवस घालवून तिने जे उत्तर काढलं, ते सरांना वाचून दाखवलं. त्या उत्तराप्रमाणे आर ही अवकाश-काळाची वक्रता सगळीकडे सारखीच निघत होती.

सर म्हणाले, "म्हणजे सूर्याच्या पोटात आणि बाहेरच्या पोकळीत सारखीच?"

"चुकलंय, सर. पण कुठे ते सापडत नाय."

सर म्हणाले, "मलापण नाही सापडलं. माझ्या एम.एस्सी.च्या परीक्षेत मी हाच प्रश्न सोडून दिला होता. पुढे कॉलेजात मला हा विषय शिकवायला कधी मिळालाच नाही, तेव्हा हा प्रश्न तसाच राहिला."

सुरभी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. तिसऱ्या पदापाशी ती थांबली. तिथे तिने दोन अक्षरांची अदलाबदल केली होती. तशी केली की चिन्ह बदलतं, आणि तिचा वजा राहून गेला होता. वजा घातल्याबरोबर एकमेकांना खोडणारी दोन पदं एकत्र आली, दुप्पट झाली आणि आइन्स्टाइनच्या समीकरणात आरच्या आधी जो अर्धा असतो, तो तिच्यासमोर उभा राहिला.

"परत वाच," सर म्हणाले. तिने वाचलं. "अजून एकदा." तिने पुन्हा वाचलं. सरांनी खुर्चीच्या हातावर बोटाने तो वजा काढला आणि गिरजाबाईंना हाक मारली, "अगो, ऐकलंस का? सुटलं!"

जुलैत निकाल लागला. सुरभीला शंभरपैकी अडुसष्ट मिळाले होते. पोपटराव घरच्या वालाची पिशवी घेऊन तिच्याबरोबर रोह्याला आले. ते पाया पडायला वाकले, तसे सरांनी चाचपडत त्यांचे खांदे धरले.

"सर, लय उपकार झाले. तुम्ही काय शिकवलंत ते मला कलत नाय, पन..."

"पोपटराव, एक गोष्ट माझी एवढी वर्षं अडून राहिली होती. ती हिच्यामुळे सुटली. तुमचेच उपकार आहेत. बसा. भाताची लावणी आटपली का?"

"आटपली. एक खाचर तेवढं राहिलंय, खालच्या अंगाचं."

सरांनी त्या खाचराचीही सगळी चौकशी केली. सुरभी एसटीत बसल्यापासून सरांना काय म्हणायचं त्याची जुळवाजुळव करत होती. ते तर बाबांनी एका वाक्यात म्हणून टाकलं होतं. ती आत गिरजाबाईंच्या हाताखाली ताटं मांडायला गेली आणि बाहेर दोघं भाताबद्दल बोलत होते ते ऐकत राहिली.