सायकलवाल्याची अनामत

१९८५ साली विधानसभेसाठी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कचेरीत अडीचशे रुपये अनामत भरली गेली. हजर तिघे: पैसे घेणारा कारकून, आमच्या आळीत भाड्याने सायकली देणारा दुकानदार आणि त्याचा सूचक म्हणून मी.

पैसे त्याचे, उमेदवारी त्याची. माझी फक्त वही. रत्नागिरी मतदारसंघात आजवरच्या प्रत्येक निवडणुकीत कुठे किती मतदान झालं, पुरुष किती, बायका किती, ते मी वर्षानुवर्षं तिच्यात उतरवत आलो होतो. शहर, मिरजोळ्याकडचा भाग, गावं, सगळं तोंडपाठ. स्वतः उभं राहायचं धाडस मात्र कधी झालं नाही. ह्याला सहाचा पाढा धड येत नव्हता, आणि मतपत्रिकेवर नाव ह्याचं छापलं जाणार होतं. सहावा हिस्सा मतं पडली नाहीत तर अनामत जप्त होते, हेही त्याला मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या पडवीत आला. बायकोने त्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मला रोजच्या.

"अण्णा, हिशेब जमला," तो म्हणाला. "यादी बघा, घरटी दोन-दोन पुरुष. सगळ्यांनी माझ्याच सायकलवर गुडघे फोडलेत. सहावा हिस्सा कुठे जातोय!"

"अहो, त्यातले निम्मे मुंबईत," बायको म्हणाली.

"शिमग्याला येतातच की, वैनी. मतदान त्याच्या जरासं आधी. माझ्यासाठी दोन दिवस लवकर येतील."

येणार नव्हते. सणाची रजा कोणी मतदानासाठी वाढवून घेत नाही, हे माझ्या वहीत स्पष्ट होतं. अर्ज मागे घ्यायची मुदत अजून होती. घेतला असता तर अनामतही परत मिळाली असती.

"काय वाटतं, अण्णा?"

"लोक तुला मानतात," मी म्हणालो. ते खरं होतं आणि तेच मला सलत होतं. पुढचं बोललो नाही. तो पडायला हवा होता, डिपॉझिटसकट.

मतमोजणीला त्याचा प्रतिनिधी म्हणून मीच बसलो. सहाव्या हिश्शाच्या तो खूप खाली राहिला. पण मी मनाशी धरलेल्या आकड्याच्या चौपट मतं त्याला पडली. मी तीन वेळा बेरीज केली.

"एवढ्यांनी मला दिलं?" तो म्हणाला आणि हसतच सुटला.

घरी बायकोला आकडा सांगितला. "त्यात एक माझं," ती म्हणाली. "आणि एक तुमचं. सूचकच तुम्ही!"

मी हो म्हणालो. माझं त्यात नव्हतं.

शिमग्याला चाकरमानी आले ते आधी त्याच्या दुकानावर. "आम्ही असतो ना, तर आमदारच केला असता तुला!" पाठीवर थापा, हशा. माझ्या वहीबद्दल कोणी विचारलं नाही.

अडीचशे रुपये सरकारजमा झाले. आळीत घरोघर वाटलेल्या दोन किलो पेढ्यांचे पैसे त्याने हलवायाला रोख दिले.