मारबतीला मी जे ओरडले

माझं तोंड पहिल्यापासून तिखट. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही. सासूनेही आठ दिवसांत तोच निकाल दिला. या तोंडाने जन्मभर जी भांडणं ओढवून घेतली, त्यांचा मला पस्तावा नाही. समोरचाही काही कमी नसायचा. पस्तावा आहे तो एकाच वाक्याचा, आणि ते मी भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीसमोर ओरडले होते.

आमचं घर इतवारीच्या मागच्या अंगाला होतं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि आम्ही. हे लुगडी विणायचे, मी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची. यांच्या हाताचा काठ असा उतरायचा की व्यापारी बोटाने चाचपून बघायचा आणि नाव ठेवायला जागा सापडली नाही म्हणून गप्प बसायचा. असा हात होता, आणि त्याच हातात ग्लास होता. मोहाची दारू प्यायचे. आधी संध्याकाळी थोडी, मग दुपारीही थोडी, मग 'थोडी' हा शब्दच आमच्या घरातून गेला. मी भांडले, उपास केले, माहेरी जाऊन बसले. काही उपयोग झाला नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, आता एक घोटही घेतला तर माझ्याकडे येऊ नका. घरी येऊन यांनी आंघोळ केली, मागाला कुंकू लावलं, धोटा हातात धरला आणि म्हणाले, "या मागाची शपथ होय. आता नाई."

दारूच्या शपथा मी पुष्कळ ऐकल्या होत्या. देवीच्या, आईच्या, माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या. पण मागाची शपथ यांनी कधी घेतली नव्हती. म्हणून अर्धा विश्वास ठेवला. अर्धाच.

पहिले पंधरा-वीस दिवस हात इतके थरथरायचे की धोटा सुटून खाली पडायचा. धागे तुटायचे. एरवी धागा तुटला की माझ्या नावाने ओरडणारा माणूस मुकाट्याने गाठी मारत बसायचा. पोळा आला तोवर चार महिने होत आले होते. या चार महिन्यांत मी रोज यांचं तोंड हुंगलं. ताट वाढायला वाकायची, तेव्हा श्वास घ्यायची. यांना कळत नसेल होय? कळत होतं. कधी बोलले नाहीत.

मला खरा धाक होता तो करीचा. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बांबू-कागदाची ही एवढी मोठी बाई. एक पिवळी, एक काळी. मागे पुरुषांचे पुतळे, त्यांना बडगे म्हणतात. ढोलताशे वाजतात, आणि रस्ताभर लोक ओरडतात, "ईडा-पीडा घेऊन जाय गे मारबत! खोकला-खरूज घेऊन जाय गे मारबत!" मग तिला वस्तीबाहेर नेऊन जाळतात. वर्षाची सगळी पीडा तिच्यासंगं जाते म्हणायचं. आणि त्याच दिवशी घरोघरी सावजी रस्सा शिजतो आणि घरोघरी दारू असते. करीला न पिणारा पुरुष एक तर आजारी, नाही तर बायकोच्या मुठीतला. मी दरवर्षी गर्दीत उभी राहून तोंडातल्या तोंडात म्हणायची, "दारू घेऊन जाय गे मारबत." मोठ्याने कधी म्हटलं नाही. नवऱ्याची अब्रू होती ना.

त्या करीला सकाळीच माझा भाऊ कामठीहून आला. हातात अ‍ॅल्युमिनियमची किटली. झाकण न उघडताच वास आला. मी पाट्यावर मसाला वाटत होते, तशीच उठले.

"भाऊ होय का वैरी गा तू? माहीत नाई का तुले?"

"अवं, सणाचा दिवस होय बाई! एका ग्लासानं काय होते?"

दारात यांचे दोन सोबती उभेच होते. त्यातला एक म्हणाला, "पोळा तं काल झाला गा! हा बैल अजून दावणीलेच बांधून हाये!" सगळे खो खो हसले. भाऊही हसला, मेला.

मी यांच्याकडे पाहिलं. हेही हसत होते. म्हणाले, "राहू दे वं. एवढ्या दुरून आणली त्यानं." आणि ग्लास पुढे केला. भावाने भरला. ग्लास घेऊन हे मागच्या खोलीत आले, मोरीकडे गेले, माठापाशी थांबले. मी परत पाट्याशी बसून, पाठ फिरवून मसाला वाटत होते. इतक्या जोरात वाटत होते की वरवंटा पाट्याबाहेर गेला. मला यांचं तोंड बघायचं नव्हतं. मग ढोल ऐकू आले आणि ग्लास हातात घेऊन सगळे बाहेर गेले.

मला राहवलं नाही. चुलीवरचं तसंच टाकून नाक्यावर गेले. शेजारीण होती, तिच्याजवळ उभी राहिले. समोरून पिवळी मारबत गेली. ढोलाच्या पुढे हे नाचत होते. झोकांड्या खात होते, ग्लास डोक्यावर धरून गोल फिरत होते, सोबत्याच्या गळ्यात पडत होते. चार महिने! माझ्या डोळ्यांपुढे ते तुटलेले धागे आले. मागून काळी मारबत आली, आणि तिच्या मागचा बडगा नेमका दारुड्याचा. हातात कागदाची बाटली. लोक ओरडत होते, आणि माझ्या आत जे इतकी वर्षं साठलं होतं ते एकदम बाहेर आलं.

"माह्या घरचा दारुड्या घेऊन जाय गे मारबत!"

बायका हसल्या. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. ढोलवाला थांबला नाही, पण हे थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग गर्दीतून निघाले आणि माझ्याकडे आले. मधली नाली बरोबर पाऊल टाकून ओलांडली, आणि तेव्हाच माझी नजर यांच्या पायांवर गेली, कारण पिऊन हे त्या नालीत दर वेळी पडत.

हे घराकडे चालले. मी मागे. घरात आल्यावर ग्लास माझ्यापुढे धरला. "पी."

मी ओठाला लावला. पाणी होतं. माठातलं.

मोहाची आणि पाणी दिसायला सारखंच.

आता इथे शहाणी बाई काय करेल? पाया पडेल, रडेल. मी काय केलं? मी भांडले. "मग ढोंग काहून केलं जी? मले सांगता नाई येत होतं?"

"त्यायनं दिवसभर बैल म्हटलं असतं वं," हे म्हणाले. "आन् मले नाचाचं होतं. न पेता नाचता येते का, पाहाचं होतं." मग म्हणाले, "तुले वासावरून समजन वाटलं. रोजच तं हुंगतं."

मला 'चुकलं' म्हणता आलं नाही. जिभेवर आलं होतं, पण ही जीभ भांडायलाच शिकलेली. मी म्हटलं, "रस्सा करपला तुमच्यापायी." हे जेवायला बसले.

संक्रांतीच्या आधी हे गेले. आतलं सगळं आधीच खराब झालं होतं, डॉक्टर म्हणाला. शेवटचं लुगडं अर्धं मागावर होतं. दुखण्यात एकदा मला म्हणाले, "तुही मारबत लय सावकाश चालते वं," आणि हसले. थट्टाच केली. मी त्या दिवशी मोरीत तोंड घालून रडले, पण तेव्हाही 'चुकलं' म्हटलं नाही. मयतीला आलेले लोक आपसात म्हणत होते, दारूनं गेला. मी सगळ्यांसमोर ओरडले, माझा माणूस न पिता गेला, ऐकलं का! भाऊ खाली मान घालून बसला होता.

मी काही खुळी नाही. कागदाची बाई कोणाला नेत नसते, एवढं मलाही कळतं.

पुढच्या करीला शेजारीण मला ओढून नाक्यावर घेऊन गेली. घरात एकटी बसू नको म्हणाली. काळी मारबत आली. सगळे ओरडायला लागले, आणि माझंही तोंड उघडलं. "आणून दे गे मारबत!"

शेजारणीने माझा हात घट्ट धरला. "अवं, मारबत नेते. आणून नाई देत."

"माहीत हाय मले," मी म्हटलं.

मारबत वळणाआड गेली. ढोल लांब गेले. तेव्हा मी म्हटलं, "चुकलं जी माहं." शेजारणीला वाटलं, मी तिलाच काही म्हटलं. तिने दोनदा विचारलं, "काय म्हणतं वं?" मी म्हटलं, काही नाही, चल घरी.