तेराव्याची टोपी

आमची ही गेली ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मुलगा हॉलंडहून येईपर्यंत तिला एक रात्र बर्फाच्या लाद्यांवर ठेवली. तो आला, अग्नी दिला, दहाव्याला नदीवर बसून डोकं भादरून घेतलं. अकराव्या दिवशी सकाळी म्हणाला, ऑफिसातून फोनावर फोन येतायत, निघावं लागेल. मी म्हटलं, जा. नोकरी आहे. दोन दिवसांचं आम्ही बघू.

जा असं मीच म्हटलं, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडं तेराव्याला गोड जेवण होतं, सुतक फिटतं आणि मामा भाच्याच्या डोक्यावर टोपी घालतो. मग तो माणूस पुन्हा चारचौघांत उठाबसायला मोकळा. हिचा भाऊ नवी पांढरी टोपी घेऊन आला आणि मांडवात डोकं शोधायला लागला. मी सांगितलं, रजा मिळाली नाही.

तो म्हणाला, "दाजी, त्या साहेबाला आई नव्हती काय?"

मी मुलाची बाजू घेऊन भांडलो. हिच्या तेराव्याला, हिच्याच भावाशी. तेवढ्यात मुलाचा फोन आला. आवाज तुटत होता. म्हणाला, इकडं बर्फ फार पडतोय, नीट ऐकू येत नाही. मी तेही सगळ्यांना सांगितलं. बघा, असल्या बर्फात पोरगं कामाला जातंय. टोपी मी घडी करून ठेवली.

एप्रिलात त्यानं मला तीन महिन्यांसाठी नेलं. घर हूफडॉर्पला. विमानं छपरावरून जातात, पण रस्त्यावर माणूस दिसला तर सायकलवर. टोपी पिशवीत होती. त्याचे केस वाढले होते, तरी म्हटलं, चांगला दिवस बघून, मामाला फोनवर समोर बसवून घालू.

एका दुपारी तो कामावर होता. सून जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसली होती. माझी शाळा चौथीपर्यंत, ते कागद मला काय कळणार. पण फोटो बघायला शाळा लागत नाही. डोंगर, बर्फ, त्यात टपापर्यंत बुडालेली मोटार. शेजारी माझा मुलगा, बगलेत त्या बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, हातात लोकरीची टोपी, डोक्यावर नुसती खुंटं.

कधीचं हे, असं मी विचारलं. तिनं सरळ सांगितलं. फेब्रुवारीत शाळांना सुटी लागली की इथली निम्मी माणसं ऑस्ट्रियाला बर्फावर खेळायला जातात. यांचंही दिवाळीच्या आधीच ठरलं होतं. मुलगा विमानातून उतरला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नातवाला घेऊन तिघं मोटारीनं निघाली. म्हणजे तेराव्याला. शेवटी शेवटी इतका बर्फ झाला की डोंगरावरून खाली कोसळेल म्हणून रस्ताच बंद केला, आणि सुटी संपल्यावर चार दिवस हॉटेलात अडकून पडले. त्या चार दिवसांचा खर्च सहलीच्या विम्यातून मिळतो. पण रस्ता खरंच बंद होता कशावरून, म्हणून विमेवाल्यांनी दुसऱ्यांदा कागद मागवले होते.

"बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?" तिनं विचारलं. "हा मला म्हणाला, बाबांनीच जा म्हणून सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. त्या विमा कंपनीनं दोनदा पुरावा मागितला. मी एकदाही मागितला नव्हता.

संध्याकाळी तो आला. बूट काढत होता तोवरच मी फोटो पुढं धरला. तो म्हणाला, "सगळे पैसे भरून झाले होते, बाबा. बुडाले असते."

सून पुण्याची, नवऱ्याला अरे-तुरे करते, पण खोटं चालू देत नाही. ओट्यापासनंच बोलली, "बुडाले नसते. आईवडील गेले तर विम्यातून परत मिळतात. तू गावाला होतास तेव्हाच मी तुला फोनवर सांगितलं होतं."

ऑफिसचं मी गिळलं होतं. पैशाचंही गिळलं असतं, आमचा जन्म त्यातच गेला. आता तिसरं काय सांगतोय, ते बघत मी उभा राहिलो.

बुटाची नाडी सुटली होती तरी तो तिच्याशीच खेळत होता. खाली बघूनच म्हणाला, "त्या घरात मला बसवत नव्हतं. कुठंही गेलो असतो."

"आणि मला बसवत होतं?" मी म्हटलं.

तो बूट हातात घेऊन आत गेला. विम्याचं काम झालं, हे सुनेकडून कळलं. मी तीन महिने पुरे केले, कारण परतीचं तिकीट तेव्हाचं होतं. टोपी पिशवीतून काढली नाही.

गावी आल्यावर पहिल्यांदा हिच्या भावाकडं गेलो. टोपी त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, साहेबाला आई नव्हती का विचारलं होतंत ना, तर साहेबच नव्हता. भावकीपुढं मी तुम्हाला खोटं पाडलं. आता भावकीपुढं खरं सांगणं माझ्याकडं लागलं.

त्यानं टोपीची घडी उलगडली, परत घातली. म्हणाला, "राहू द्या माझ्याकडं. वर्षश्राद्धाला आला तर घालू."

मी म्हटलं, तिथी मी कळवणार नाही. त्याची आई आहे, त्यानं विचारावी.

दर रविवारी फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, विचारतो. तिथी अजून विचारलेली नाही.