हात धू बे आधी

कटिंग झाली की फौजीकाका खुर्चीवरून उतरायचे, खिशातला रुमाल फरशीवर पसरायचे आणि आपले कापलेले केस स्वतः गोळा करून वर गाठ मारायचे. मग मला म्हणायचे, "हात धू बे आधी." मी साबण लावेपर्यंत दारातून हलायचे नाहीत.

उंद्रीत बसथांब्यासमोर माझं कटिंगचं दुकान आहे. माणसं नाना तऱ्हेची येतात. तुम्हीही पाहिली असतील. पण आपले केस घरी नेणारं गिऱ्हाईक मी हे एकच पाहिलं. सुरुवातीला वाटलं, म्हाताऱ्याला करणीबिरणीची भीती असेल. म्हटलं, ह्या चार केसांवर कोण लिंबू वाया घालवणार!

एकदा सरळ विचारलं, "काऊन नेता काका?"

"वावराच्या धुऱ्यावर पुरतो. बाभळीखाली. कोनाच्या पायाखाली नको याले."

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. तरुणपणी ते फौजेत होते. राजस्थानच्या वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा त्यांची ड्यूटी तिकडेच होती. स्फोटानंतर तिथले तारा-खांब काढायला गेले. "हुकूम आला, आमी गेलो. धूळ लय होती, येवढंच मले मालूम," असं म्हणायचे. सुटीवर घरी आले, पहिली मुलगी मांडीवर घेतली, आणि ती महिन्याभरात तापाने गेली. डॉक्टर म्हणाले, तापाचा त्या धुळीशी काही संबंध नाही. काकांनी ऐकून घेतलं. पण त्यानंतर त्यांनी लेकरू उचललं नाही. स्वतःचा मुलगासुद्धा नाही.

एका पंधरा ऑगस्टला गावाने त्यांचा सत्कार केला. भाषणात कोणीतरी त्यांना 'अणुवीर' करून टाकलं. काकांनी हार गळ्यात घालू दिला नाही, खुर्चीवर ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी दुकानात एक पोट्टा म्हणाला, "काका, तुमी अंधारात चमकता म्हने?"

"चमकलो असतो तं लोडशेडिंगमंदी तुया बापानं मले घरी टांगून ठेवलं असतं."

सगळे हसले. काका रुमालाची गाठ आवळत बसले होते.

मागच्या साली त्यांच्या नातीचं जावळ होतं. पोरगी नुकती चालायला लागली होती. अंगणात पाट मांडला, मामाच्या मांडीवर तिला बसवलं. अर्धं डोकं झालं आणि तिने असा टाहो फोडला, की मामाच्या हातून निसटली अन् दुडुदुडु धावत निंबाखाली बसलेल्या काकांच्या मांडीत जाऊन शिरली.

काकांनी दोन्ही हात वर केले. समोर कोणी बंदूक रोखल्यासारखे.

"घ्या बे हिले कोनी!" ते ओरडले. कोणी जवळ गेलं की पोरगी त्यांच्या धोतराला आणखीच चिकटायची.

मी वस्तरा घेऊन समोर बसलो. "काका, डोकं धरा तिचं. हलली तं लागंन."

"मी नाई धरत."

"मंग मीबी वस्तरा लावत नाई. राहू द्या पोरीले अर्धी बोडकी."

काकांचा मुलगा म्हणाला, "बाबा, धरा नं. काई होत नाई."

बऱ्याच वेळाने ते हात खाली आले. दोन्ही तळव्यांत त्यांनी ते डोकं धरलं. पोरगी चूप झाली. मी भरभर उरकलं. "झालं काका," म्हटलं, तरी हात तिथेच होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आनंदही नाही. वस्तरा पुसला आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधीच काका दारात उभे. "केस येतीन नं बे तिचे?"

"अहो काका, जावळ केल्यावर कोनाचे केस आले नाईत?"

"माह्या हातानं धरलं होतं नं."

मग रोजचं तेच. डोक्यावर काळं दिसायला लागलं तेव्हा मी म्हटलं, पाहा, आले. "हे तं खुंटं होय," म्हणाले. "केस येऊ दे."

त्याच महिन्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मी तिरडीसोबत गेलो. रडू आलं नाही. परत येऊन दुकान उघडलं, दोघांची दाढी केली.

परवा त्यांचा मुलगा पोरीला घेऊन दुकानात आला. केस डोळ्यांवर येऊन राह्यले, कापून दे, म्हणाला. कंगवा घातला तर अडकला, इतके दाट. ती दोघं गेल्यावर मी झाडू घेतला, आणि परत कोपऱ्यात ठेवला. माझा रुमाल फरशीवर पसरला, केस गोळा केले, गाठ मारली अन् सायकल काढली.

काकांच्या शेताच्या धुऱ्यावर बाभळीखाली हातानेच माती उकरली. म्हटलं, "काका, आले. लय दाट आले."

दुकानात परत आलो तर गिऱ्हाईक बसलेलं होतं. मी हात धुतले नाहीत. तसाच कामाला लागलो.