ऐनाला ठाव नाय

टोकावड्याच्या वरच्या पाड्यात गाणं बांधावं तर जनीनंच, असं सगळ्या बाया म्हणतात. लग्न असो की लावणी, तिला शब्द शोधावे लागत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा कमळू गेला. भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबासाठी, ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडत होता, पाय निसटला. दहाव्याला बायांनी तिला गायला लावलं. रीतीप्रमाणे ती गायली, की धनी गेला अन् झाडं रडली, नदी थांबली. गाताना काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या मनात आलं, खरंच रडलं असेल का झाड?

ती बघायला गेली. खोडावर मुंगळे आपल्या वाटेनं चालले होते. बाकी काही नाही. आधी तिला राग आला. तरी ती पुन्हा पुन्हा जात राहिली. उन्हाळा सरता सरता कमळूच्या कोयत्यानं जिथं फांदी छाटली होती, तिथंच तांबूस पालवी फुटली. जनी कितीतरी वेळ ती न्याहाळत बसली.

मुरबाडला कामाला जाणारी तिची लेक माधुरी घाबरली. आई सारखी त्या झाडाखाली का बसते, तिला कळेना.

"त्याला काय कळलंय का, ते बघते," जनी म्हणाली.

"मग?"

"नाय कळलं. बरंच झालं गो. ते रडलं असतं, तर त्याचीबी समजूत मलाच घालावी लागली असती."

त्या वर्षी लावणीला चिखलात वाकल्या वाकल्या तिनं नवं गाणं काढलं:

ऐनाला फुटला पाला, त्याला ठाव नाय कोण गेला
मुंगळा चालला वाटंनं, त्याला ठाव नाय कोण गेला
मला ठाव हाय गो बाई, मी सांगते कोण गेला

बायांचे हात थांबले. असलं कोरडं गाणं कुणी ऐकलं नव्हतं. एकीनं तर नाक मुरडलं.

त्या बायांत रंभा होती. तिचा मुलगा नदीत बुडाला, तेव्हापासून ती नदीशी बोलत नव्हती. धुणं घेऊन लांबच्या विहिरीवर जायची. तिनं हातातली रोपं खाली ठेवली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

जनीनं पुन्हा म्हटलं. शेवटच्या ओळीआधी रंभानं तिला हातानं थांबवलं, अन् 'नदीला ठाव नाय कोण गेला' ही ओळ स्वतःच जोडली.