लाकडी पायांची सोडत

ती तक्रार आजही शब्दनशब्द आठवते. महायुद्ध नुकतेच संपले होते. मी तेव्हा रहिमतपूर भागात फौजदार होतो. लढाईत एक पाय गमावलेला शिपाई कुबड्यांवर ठाण्यात आला आणि त्याने सोडतीचे तिकीट टेबलावर ठेवले. सरकारी मंजुरीने काढलेल्या त्या सोडतीचे उत्पन्न 'पाय गमावलेल्या शिपायांच्या लाकडी पायांसाठी' असे तिकिटावर स्पष्ट छापले होते.

"सोडत हून वरीस झालं, सायेब. पाय कुठं हाय?"

सोडतीचे चिटणीस एक निवृत्त शाळामास्तर होते. पंचांसमक्ष घरझडती घेतली. दोन धोतरे आणि पुस्तके, यापलीकडे काही मिळाले नाही. रिमांड घेऊन दोन दिवस विचारपूस केली. "पैसे मी खर्च केले. लिहून घ्या," एवढेच ते म्हणत. पैसे खाणारा आधी नाकारतो, मग दुसऱ्यावर ढकलतो. मास्तर यातले काहीच करीनात, म्हणून मला चैन पडेना.

तिसऱ्या दिवशी एक गवंडी मास्तरांसाठी भाकरी घेऊन आला.

"आवं सायेब, ह्यास्नी कशापायी कोंडलंय? आमच्या वाडीची हीर ह्यांनीच बांधून दिली की!"

वाडी पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातली, धनगरांची. आधी लोक पायऱ्यांवरून विहिरीत उतरत, पाय बुडवत, तेच पाणी पीत. घरोघरी नारू, म्हणजे त्या पाण्यातून अंगात शिरून वर्षभराने जखमेतून निघणारा जंत. मास्तरांनी पायऱ्या बुजवून कठडा घातला होता, रहाट बसवला होता.

"हे सांगितलं का नाही?" मी विचारले.

मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "वाडीतली पोरं पलटणीत आहेत. लंगड्या शिपायांच्या पैशाचं पाणी म्हटलं, तर कुणी तोंडाला लावणार नाही."

विहिरीच्या पंचनाम्याला मी त्या शिपायालाही नेले. एक बाई घोट्याला चिंधी बांधून बसली होती. जखमेतून नारू बाहेर येत होता. शिपाई ते पाहत राहिला. मग जमलेल्या सगळ्यांदेखत रहाटाचे पाणी ओंजळीने प्याला.

परत आल्यावर कोठडीसमोर उभा राहून म्हणाला, "पाणी ग्वाड हाय. पर मास्तर, मला इचारायचं व्हतं. मीच दिलं असतं."

मास्तर भिंतीकडे तोंड करून रडले.

गुन्हा अपहाराचा, तक्रारदाराने माफ केले म्हणून तो मिटत नव्हता. आरोपपत्र मीच पाठवले. शिपायाने साक्षीत नारूची हकीकत सांगितली, म्हणून शिक्षा सौम्य झाली. सुटल्यावर मास्तरांनी घर विकले आणि त्याच्यासाठी पुण्याहून पाय करवून आणला.

चोरावर आरोपपत्र लिहिताना हात अडत नाही. त्या दिवशी अडला. तरी ते लिहिले, हे योग्यच झाले असे मी आजही मानतो. एका दुःखासाठी लोकांनी दिलेले दुसऱ्या दुःखाला द्यायचे असेल, तर आधी पहिल्या दुःखाच्या धन्याला विचारावे. तो बहुधा नाही म्हणत नाही.